फुरशाचे विष, जस्ताचा अणू आणि वाटेत घेता येईल अशी गोळी

कातळावरचा

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत, देवगड तालुक्यातील आमच्या कलमांच्या बागेला लागून असलेल्या गडग्याचे ढासळलेले चिरे पुन्हा रचताना एका गड्याच्या करंगळीला फुरसे चावले. साप जेमतेम हातभर लांबीचा होता. चिरा हलताच इंग्रजी आकड्यातल्या आठासारखे वेटोळे घालून, अंगावरचे खवले एकमेकांवर घासून त्याने करवत चालवल्यासारखा आवाज काढला. पण तो कानावर पडेपर्यंत हात खाली गेलेला होता. कातळावरून पायवाटेने रस्त्यापर्यंत, तेथून आरोग्य केंद्र, तेथे लस शिल्लक नसल्यामुळे पुढचे रुग्णालय, असे करता करता सव्वातीन तास गेले. गडी वाचला, मात्र दोन दिवस त्याच्या हिरड्यांतून रक्त झिरपत होते.

मी औषधी रसायनशास्त्रात काम करतो, आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही: त्या सव्वातीन तासांत त्याला तोंडाने देण्यासारखे काही असते तर? या विषयावर सध्या जे संशोधन चालू आहे ते येथे मांडतो. आधीच स्पष्ट करतो की अशी गोळी आज कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे साप चावल्यावर वेळ न दवडता लस असलेले रुग्णालय गाठणे हाच आजही एकमेव मार्ग आहे.

आपल्याकडे जिला ‘सापाची लस’ म्हणतात ते खरे तर प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेले प्रतिपिंड (अँटीबॉडी) शुद्ध करून कुप्यांत भरतात. भारतीय मानकानुसार या प्रतिविषाच्या एक मिलिलिटरने नागाचे व घोणसाचे प्रत्येकी ०.६० मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे लागते. हे औषध जीव वाचवते, याबद्दल वाद नाही. परंतु कुपीतला प्रतिपिंडाचा तुकडा सुमारे एक लाख डाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) वजनाचा असतो. तो शिरेतूनच द्यावा लागतो, त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते म्हणून डॉक्टर जवळ असावे लागतात, आणि दंशाच्या जागी सुजलेल्या मांसात तो सावकाश शिरतो. शिवाय प्रतिपिंड विषाच्या रेणूचा बाहेरचा आकार ओळखतो. देशातील प्रतिविषासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतील इरुळा या आदिवासी जमातीतील साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. तिकडच्या विषावर तयार झालेले प्रतिपिंड इकडच्या सापाच्या विषाला तितकेच घट्ट धरतील, असे गृहीत धरता येत नाही.

रसायनशास्त्रज्ञ येथे वेगळा विचार करतो. बाहेरचा आकार बदलत असेल, तर न बदलणारे काय आहे? फुरशाच्या विषात मुख्य काम करणारी जी विकरे आहेत, म्हणजे आपण ज्यांना एन्झाइम म्हणतो ती, त्यांच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू असतो आणि त्याला प्रथिनातील हिस्टिडिन नावाच्या तीन अमिनो आम्लांनी धरून ठेवलेले असते. हे जस्त पाण्याच्या रेणूला हाताशी धरून रक्तवाहिनीच्या भिंतीतील प्रथिने कापते. याच कुळातील एकॅरिन नावाचे विकर रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाला अवेळी जागे करते. गोठण्याची सगळी सामग्री अशी फुकट खर्ची पडली, की पुढे रक्त गोठेनासे होते. साप आफ्रिकेतला असो की रत्नागिरीतला, जस्त काढून घेतले किंवा त्याच्यावर झाकण बसवले की कात्री चालत नाही.

झाकण बसवणाऱ्या रेणूंमध्ये मॅरिमास्टॅट सर्वांत अभ्यासलेला आहे. कर्करोगासाठी १९९० च्या दशकात तो तयार झाला आणि मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरला. जस्त काढून घेणारा रेणू म्हणजे युनिथायॉल. पारा व आर्सेनिक यांच्या विषबाधेवर तो कित्येक दशके वापरात आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फुरशाच्या आफ्रिकी भाऊबंदांचे विष दिलेल्या उंदरांना युनिथायॉलने संरक्षण दिल्याचे दिसले, आणि त्यानंतर केनियात निरोगी माणसांवर त्याची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली.

तिसरा रेणू व्हॅरेस्प्लाडिब. विषातील दुसरे मोठे कुळ म्हणजे फॉस्फोलिपेज ए२, जे पेशींच्या आवरणातील स्निग्ध रेणू तोडते. तेथे जस्ताऐवजी कॅल्शियम असते. आपल्या शरीरातही याच घडणीचे एक विकर आहे, आणि त्याची स्फटिकरचना समोर ठेवून एका अमेरिकी कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात इंडोल या जोडवलयी रेणूच्या सांगाड्यावर हा रेणू बांधला. त्याचे वजन अवघे ३८० डाल्टन. सेप्सिसमध्ये, म्हणजे शरीरभर परिणाम करणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गात, तो उपयोगी पडला नाही, हृदयविकारातही नाही. २०१६ मध्ये सर्पविषावर तपासला, तेव्हा निरनिराळ्या खंडांतील सापांच्या फॉस्फोलिपेजला तो अत्यल्प मात्रेत रोखतो असे आढळले.

एक गंमत सांगून थांबतो. रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलमधील एका सापाच्या विषातील पेप्टाइडांचा, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्यांचा, अभ्यास करून घडवले गेले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्या रेणूच्या टोकाला गंधकाचा एक गट आहे आणि तो आपल्या शरीरातील विकराच्या जस्ताला चिकटतो. त्या औषधातली जस्त धरण्याची युक्ती आता युनिथायॉलच्या गंधकांकरवी सापावरच उलटवली जात आहे.

जुना स्टेथोस्कोप

लेख नीट वाचला. मी रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत तीस वर्षे वैद्यकीय अधिकारी होतो, त्यामुळे रेणूंविषयी नव्हे, तर रुग्णाच्या खाटेजवळचे दोन शब्द लिहितो.

फुरसे किंवा घोणस चावलेल्या रुग्णाचे निदान आम्ही ज्या परीक्षेवर करतो, तिला लागते एक काचेची परीक्षानळी आणि घड्याळ. दोन-तीन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ नळीत घ्यावयाचे, नळी टेबलावर उभी ठेवावयाची आणि वीस मिनिटे तिला कोणी हातसुद्धा लावावयाचा नाही. मग एकदा हलकेच तिरपी करावयाची. गोळा जागेवर राहिला तर ठीक. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष सुरू. सोपे वाटते, परंतु नळी काचेचीच हवी, कारण रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत, किंवा साबणाने धुतलेल्या काचेच्या नळीत, निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही आणि निदान चुकते. एका ठिकाणी बदलून गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सलग तीन रुग्णांचे रक्त ‘गोठले नाही’, तेव्हा मला संशय आला. मी स्वतःचे रक्त काढून त्याच नळीत ठेवले. तेही गोठले नाही! परिचारिका नळ्या मनापासून घासून ठेवत होती, बिचारीला दोष तरी कसा द्यावा.

दुसरी गोष्ट जुन्या औषधाला मिळालेल्या नव्या कामाची. हे कोकणाने एकदा पाहिलेले आहे. लाल विंचू चावून मुले फुप्फुसांत पाणी भरून दगावत असत. विंचवाचे विष शरीरातील अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर सोडते, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य भार येतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन या अवस्थेत वापरून पाहिले, कारण ही द्रव्ये रक्तवाहिन्यांवरील ज्या जागांना चिकटतात, नेमक्या त्याच आल्फा ग्राहींना ते अडवते; त्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एकाच्या घरात आले. प्राझोसिनच्या मूळ रेणूत एका अणूचाही बदल करावा लागला नव्हता. म्हणून व्हॅरेस्प्लाडिबसारख्या ‘नापास’ औषधांची चेष्टा मी करणार नाही. मात्र प्राझोसिनचा परिणाम खाटेजवळ डोळ्यांना दिसत होता. आपल्या गोळीची माणसांवरची चाचणी झाली आहे काय, आणि तिचे काय निघाले, ते कृपया लिहावे.

हापूसची राखण

माझी रत्नागिरीजवळ बाग आहे आणि आंब्याच्या दिवसांत वीस-बावीस माणसे रात्री राखणीला असतात. रसायनशास्त्र मला अर्धेच कळले, पण मुद्दा कळला. माझे दोन प्रश्न आहेत. प्रतिविषाची भुकटीही थंड पेटीशिवाय राहते असे ऐकतो. मग गोळीचे विशेष ते काय? आणि जी औषधे कर्करोगात आणि हृदयविकारात चालली नाहीत, ती आमच्या गड्यांवर का चालवून पाहायची?

कातळावरचा

दोन्ही प्रतिसादांना एकत्र उत्तर देतो.

हापूसची राखण यांचा पहिला आक्षेप योग्य आहे. आपल्याकडील भुकटीच्या स्वरूपातील प्रतिविष शीतकपाटाबाहेर टिकते, त्यामुळे ‘गोळीला बर्फ लागत नाही’ हा युक्तिवाद भारतात फारसा उपयोगाचा नाही. गोळीचे वेगळेपण एवढेच, की ती देण्यासाठी शीर शोधावी लागत नाही आणि प्रतिक्रिया सांभाळायला डॉक्टर जवळ असण्याची गरज कमी होते. ती प्रतिविषाच्या जागी येणार नाही, त्याच्या आधी येईल.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. व्हॅरेस्प्लाडिबची हृदयविकारातील मोठी चाचणी पाच हजारांहून अधिक रुग्णांवर, सोळा आठवडे रोज औषध देण्याच्या बेताने आखलेली होती. फायदा तर दिसला नाहीच, उलट हृदयविकाराचे झटके वाढल्याचे दिसल्याने ती २०१२ मध्ये थांबवली. मॅरिमास्टॅट महिनोन् महिने घेणाऱ्यांचे सांधे दुखून आखडत, कारण सापाच्या विकरासारखीच जस्त असलेली विकरे आपल्या सांध्यांतील ऊतींची डागडुजी करत असतात आणि हा रेणू त्यांनाही झाकतो. औषधी रसायनशास्त्रात रेणूची सुरक्षितता ही त्याच्या मात्रेबरोबरच मुदतीचीही बाब असते. सर्पदंशात औषध द्यावयाचे ते काही तास, फार तर काही दिवस. जो रेणू चार महिन्यांच्या वापरासाठी अपात्र, तो एका रात्रीसाठी पात्र ठरू शकतो. ‘ठरू शकतो’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. ते सिद्ध करावे लागते, आणि ते गड्यांना अंधारात ठेवून नव्हे, तर त्यांच्या लेखी संमतीने व नैतिक समितीच्या देखरेखीखालीच करता येते.

आता डॉक्टरसाहेबांचा प्रश्न. व्हॅरेस्प्लाडिबच्या तोंडाने घेण्याच्या रूपाची दुसऱ्या टप्प्याची चाचणी भारत आणि अमेरिका येथील रुग्णालयांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरपेक्षा कमी रुग्ण होते. सर्वांना प्रतिविषासह नेहमीचे उपचार मिळाले, आणि त्याखेरीज काहींना औषध व काहींना औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी. मुख्य निकष होता दंशाच्या तीव्रतेचे गुणांकन पहिल्या काही तासांत किती उतरते हा. त्या निकषावर दोन गटांत संख्याशास्त्रीय दृष्टीने अर्थपूर्ण फरक आढळला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत सुधारणेचा कल दिसला. मी आशावादी आहे, तरीही निकाल पाहिल्यावर सोयीचा उपगट उचलून त्याला यश म्हणणे मला मान्य नाही. त्या कलाचा उपयोग पुढची चाचणी नीट आखण्यापुरता. एक अडचण मात्र मूळ रचनेतच आहे: गोळीचा खरा उपयोग रुग्णालयाच्या अलीकडे, आणि चाचणी मात्र रुग्णालयात पोहोचलेल्यांवर.

एमएस्सी दुसरे वर्ष

मी रत्नागिरीत सेंद्रिय रसायनशास्त्र शिकते. युनिथायॉल जर जस्त खेचून घेत असेल, तर ते आपल्या शरीरातील शेकडो विकरांचे जस्त का खेचत नाही? दुसरे असे, की फुरशाच्या विषाचा औषध म्हणून उपयोग झाला आहे असे वर्गात ओझरते ऐकले होते. ते खरे आहे काय?

कातळावरचा

पहिला प्रश्न परीक्षकाने विचारावा असा आहे. युनिथायॉल निवडक नाही. जस्त, तांबे, पारा, जे सापडेल ते धरते. तरीही त्याचा निभाव लागतो, याची काही कारणे आहेत. त्याच्या एका टोकाला सल्फोनेटचा भारित गट असल्यामुळे ते पेशींच्या स्निग्ध आवरणातून सहज आत जात नाही, मुख्यतः पेशींच्या बाहेरच्या द्रवात राहते. आपली बहुतेक जस्तविकरे पेशींच्या आत असतात. सापाचे विष रक्तात आणि ऊतींच्या द्रवात, म्हणजे बाहेर. हा भेद रेणू स्वतःहून ओळखत नाही, तो त्याच्या विद्युतभारामुळे आपोआप पडतो. शिवाय उपचार थोड्या काळाचा असल्याने शरीरातले जस्ताचे जे नुकसान होईल ते भरून निघण्याजोगे असते. याची किंमत अशी, की परीक्षानळीत मॅरिमास्टॅट जे काम नॅनोमोलर मात्रेत करतो, त्यासाठी युनिथायॉल मायक्रोमोलर मात्रेत, म्हणजे सुमारे हजारपट, लागते. एक तीक्ष्ण पण सांधे दुखवणारा, दुसरा बोथट पण ओळखीचा. मला विचाराल तर मॅरिमास्टॅटमधला जस्ताला घट्ट धरणारा हायड्रॉक्झामेट गट काढून त्याजागी जस्ताला जरा सौम्यपणे धरणारा, पण विषाच्या विकरातील बाजूच्या खोबणीत चपखल बसणारा गट शोधणे, हे या क्षेत्रातील पुढच्या दहा वर्षांचे खरे काम आहे. पीएच.डी.साठी विषय हवा असेल तर हा घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय, आणि ते फुरशाचेच. १९८८ मध्ये फुरशाच्या विषातून एकिस्टॅटिन नावाचे ४९ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन वेगळे केले गेले. त्यात आर्जिनिन, ग्लायसिन आणि अस्पार्टिक आम्ल अशी तीन आम्ले ओळीने एका वळणाच्या टोकावर येतात, आणि तेवढाच तुकडा रक्तातील प्लेटलेटच्या ग्राहीत शिरून त्यांना एकमेकींना चिकटू देत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी उरलेले सगळे प्रथिन बाजूला ठेवले. आर्जिनिनचे धनभारित टोक आणि अस्पार्टिक आम्लाचे ऋणभारित टोक यांमधील अंतर तेवढे जपले, आणि टायरोसिनच्या सांगाड्यावर ते दोन गट त्याच अंतरावर बसवले. त्यातून आलेले टिरोफिबॅन १९९८ पासून हृदयविकाराच्या रुग्णांना शिरेतून देण्यासाठी वापरले जाते. चिरा उचलताना ज्याच्या भीतीने हात थबकतो, त्याच सापाच्या विषावरून घडवलेले औषध हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात असते.

लोट्याचा पाळीवाला

लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहतीत औषध तयार होण्याच्या मधल्या टप्प्यांतील रसायने बनवण्याच्या कामात आहे. कागदावर रेणू चांगला दिसणे वेगळे आणि तो टनावारी बनवणे वेगळे. व्हॅरेस्प्लाडिबमध्ये एकही असममित कार्बन नाही, त्यामुळे आरशातील प्रतिमेसारखे जोडीदार वेगळे करण्याची डोकेदुखी नाही; मॅरिमास्टॅटमध्ये असे तीन आहेत आणि प्रत्येक पायरीवर शुद्धता सांभाळावी लागते. युनिथायॉलसारख्या गंधकाच्या रसायनांविषयी तर विचारू नका. थायॉलचे काम सुरू असले की रात्रपाळी संपवून घरी आल्यावर बायको अंगणातूनच आंघोळीला पाठवते. धुरांड्याच्या अलीकडे विरंजकाच्या (ब्लीचच्या) द्रावणात त्याचा दुर्गंधी वायू धुवून घ्यावाच लागतो, नाहीतर खाडीपलीकडच्या गावातून फोन येतात, आणि ते योग्यच आहे.

एवढे असूनही हे रेणू आपल्या भागातील कारखान्यांच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. अडचण गिऱ्हाइकाची आहे. साप चावतो तो गवत कापणाऱ्याला आणि गडगा रचणाऱ्याला.

वाचनवेडी दापोली

संगणकाने बनवलेल्या प्रथिनांनी सर्पविष उतरते अशी बातमी वाचली होती. मग लहान रेणूंचा हा खटाटोप जुना झाला असे नाही का?

कातळावरचा

आपण वाचलेले संशोधन बहुधा जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले असावे. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी डेव्हिड बेकर यांच्या गटाने नाग आणि त्याच्या कुळातील सापांच्या, तीन बोटांसारखा आकार असलेल्या ‘तीन बोटी’ विषप्रथिनांना नेमके मिठी मारणारे छोटे प्रथिन संगणकावर आखले, आणि प्राणघातक मात्रा दिलेले उंदीर त्यामुळे वाचले. काम सुंदर आहे. मात्र ती विषप्रथिने विकरे नव्हेत. त्यांतली अनेक मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरील ग्राही नुसते बुजवतात. त्यांच्यात जस्त नाही, कॅल्शियम नाही, लहान रेणूला बोट शिरकवायला खोबण नाही. तेथे प्रथिनच हवे. फुरसे आणि घोणस यांच्या विषात खोबण आहे, म्हणून तेथे लहान रेणू. मे २०२५ मध्ये ‘सेल’मध्ये आलेल्या संशोधनात तर दोन्हींची सांगड आहे: दोन मानवी प्रतिपिंड आणि त्यांच्या जोडीला व्हॅरेस्प्लाडिब. उंदरांवरील प्रयोगात या मिश्रणाने नागकुळातील १९ सापांच्या विषांपासून पूर्ण किंवा अंशतः संरक्षण दिले. आपल्या कातळावरचा साप त्या यादीत नाही. फुरशाच्या कुळासाठी असे मिश्रण अजून व्हायचे आहे.

जुना स्टेथोस्कोप

मण्यारीबद्दल एक पुरवणी. तिचे विष मज्जातंतूंची टोकेच आतून निकामी करते आणि त्यातील प्रमुख विषद्रव्य फॉस्फोलिपेजच आहे. टोके एकदा निकामी झाली की प्रतिविष कितीही दिले तरी ती लगेच सावरत नाहीत. रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवून दिवस मोजावे लागतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे मण्यार चावते, जखम दिसत नाही, दुखत नाही, आणि घरचे पोटदुखी समजून ओवा देतात. तेथे लवकर दिलेली गोळी खरोखर काही करू शकली तर मला सर्वांत अधिक आनंद होईल. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य रुग्णालयात मेलेली नाहीत.

हापूसची राखण

उत्तरे मिळाली, आभारी आहे. धागा वाचून काल आमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन चौकशी केली. प्रतिविषाच्या दहा कुप्या आहेत, मुदतही शिल्लक आहे. काचेच्या परीक्षानळ्या मात्र नव्हत्या, सगळ्या प्लास्टिकच्या. डॉक्टरीणबाईंनी मागणी पाठवून ठेवली होती. मी रत्नागिरीच्या बाजारातून दोन डझन नव्या आणून दिल्या आणि साबण लावू नका एवढे सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे हो, नळ्याच नव्हत्या.”